टपावरचा एसी आत गळतोय? सिलिकॉनची ट्यूब आधी बाजूला ठेवा

कॅम्पर व्हॅनच्या छतातल्या जाळीतून टपटप सुरू झाली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कोणीतरी शिडी लावतं, सिलिकॉनची ट्यूब घेऊन टपावर चढतं आणि एसीच्या बुडाशी चारी बाजूंनी जाड रेघ ओढून खाली उतरतं. दोन दिवस बरे जातात. मग गळती परत येते, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. मग कोणी म्हणतं गॅस कमी झालाय, कोणी म्हणतं युनिटच बदला. या दोन्हींपैकी कशाचीही गरज क्वचितच असते.

टपावरच्या एसीचं पाणी टपावर पडणं हीच त्याची मूळ रचना आहे, हे एकदा लक्षात घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. टपाला एक चौकोनी भोक असतं. अमेरिकन मापाच्या युनिटला ते 14 इंच बाय 14 इंच, म्हणजे साधारण 356 मिलिमीटर, आणि बऱ्याच युरोपीय युनिटना 400 बाय 400 मिलिमीटर. या भोकाभोवती फोमचं चौकोनी गॅस्केट बसतं आणि त्यावर युनिटचं सगळं वजन. युनिटचं बूड गॅस्केटच्या बरंच बाहेरपर्यंत पसरलेलं असतं. कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं, ट्रेच्या भोकांतून बुडाखाली उतरतं, गॅस्केटच्या बाहेरच्या अंगाने टपावर येतं आणि उताराने निघून जातं. म्हणजे गॅस्केटची बाहेरची बाजू कायम ओली असणारच. ते गॅस्केट भोकाभोवतीचा बांध आहे, आणि तो जेमतेम अर्धा इंच उंच असतो.

आता बुडाची कड आणि टप यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवली तर काय होणार? ट्रेमधून उतरलेल्या पाण्याची वाट बंद. ते बुडाखालीच साठतं, चढत जातं आणि शेवटी बांध ओलांडून आत उतरतं. बाहेरचं पाणी अडवायला म्हणून लावलेलं सिलिकॉन आतलं पाणी कोंडून ठेवतं. त्यातून ते आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन असेल तर सुकताना सुटणारं आम्ल पत्रा आणि गॅल्व्हनाइज्ड बूड दोन्ही खातं.

हे पाणी थोडंथोडकं नसतं. 13,500 बीटीयूचं युनिट म्हणजे सव्वा टनापेक्षा जरा कमी, साधारण 4 किलोवॉट थंडावा. एक लिटर बाष्पाचं पाणी करायला सुमारे 0.68 किलोवॉट-तास (विजेच्या बिलावरचं युनिट ते हेच) एवढी उष्णता काढून घ्यावी लागते. गोव्याच्या पावसाळी हवेत एसीचा तिसरा हिस्सा जरी नुसतं बाष्प काढण्यात खर्ची पडला तरी तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी निघतं. रात्रभर चालवलात तर बादलीभर. कोरड्या प्रदेशात लिहिलेल्या सूचनांमध्ये या गळतीकडे फारसं लक्ष दिलेलं नसतं, कारण तिथे पाणी निघतंच कितीसं. मोरजीला किंवा काणकोणात जूनमध्ये गाडी उभी करणाऱ्याला त्या सूचना पुरत नाहीत.

(गाडीत घरगुती स्प्लिट एसी बसवला असेल तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. तिथे आतल्या युनिटचा ड्रेन पाइप बघा. तो कुठेतरी लोंबून झोळ पडलेला असतो, नाहीतर ट्रेच्या तोंडाशी शेवाळाने तुंबलेला.)

पाणी कधी येतं, तेवढं आधी सांगा

कुठून येतं हा नंतरचा प्रश्न. कधी येतं याचं उत्तर फुकट मिळतं आणि त्यावरून निम्मं निदान होतं.

बाहेर कोरडं आहे, एसी चालू आहे आणि पाणी येतंय, तर ते एसीचं स्वतःचं पाणी. एसी बंद, बाहेर पाऊस आणि आत पाणी, तर गॅस्केट किंवा टपावरचं दुसरं एखादं भोक. एसी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत एकदम भळकन पाणी आलं तर बहुतेक कॉइलवर बर्फ धरला होता आणि तो वितळला. उभ्या गाडीत कोरडं, पण चोर्ला किंवा अनमोड घाटात वळणावर, ब्रेक दाबल्यावर डोक्यावर पाणी आलं तर ट्रे तुंबून भरलेला आहे आणि हिंदकळून आत सांडतोय. जाळीच्या कडेला घामासारखे थेंब, धार नाही, तर तो खरोखर घामच आहे. त्याबद्दल पुढे.

अडचण अशी की जून ते सप्टेंबर इथे पाऊस आणि एसी दोन्ही एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे दोन्हींचं पाणी एकत्र होतं. ते वेगळं करायचं असेल तर गाडी पोर्चमध्ये किंवा एखाद्या शेडखाली घ्या आणि एसी सलग दोन तास चालवा. नंतर एसी पूर्ण बंद ठेवून एक रात्र पावसात उभी करा. एवढ्याने प्रश्न निम्म्यावर येतो. पाऊस नसेल तर नळी आहेच.

आतून उघडून बघताना

आधी वीज. बाहेरची वायर सॉकेटमधून काढा, जनरेटर बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा. या तिन्ही गोष्टी करायच्या. नुसता एसीचा स्विच बंद करून 230 व्होल्टमध्ये हात घालू नका. वरचं कव्हर काढणार असाल तर आत कपॅसिटर असतो आणि वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो. त्याच्या टोकांना हात लावायची वेळ या कामात येत नाही, तेव्हा लावूच नका.

छताची जाळी काढा, फिल्टर काढा, मग आतल्या चौकटीचे स्क्रू. आता टॉर्च भोकाच्या कडेला आडवी धरा, सरळ वर नको. आडव्या उजेडात ओल चमकते. वरपासून खाली तीन थर दिसतील: युनिटच्या बुडाचा पत्रा, त्याखाली करडा किंवा काळा फोम, आणि फोमखाली टपाची कापलेली कड, म्हणजे बाहेरचं फायबर किंवा पत्रा, मधलं इन्सुलेशन, आतलं प्लायवूड. डाग कुठल्या थरापासून सुरू होतो तेवढंच बघायचं. फोमच्या आतल्या तोंडावर ओलसर काळपट ओघळ असेल तर पाणी गॅस्केटमधून किंवा त्याच्या खालून येतंय. फोम कोरडा, पण बुडाच्या पत्र्याच्या आतल्या काठावरून ओघळ खाली आलाय, तर ट्रे भरून आत सांडतोय. आणि फोम, पत्रा दोन्ही खडखडीत, पण प्लायवूडची कापलेली कड ओली, थर सुटून फुगलेली, तर एसीचा काहीही दोष नाही.

ही शेवटची शक्यता लोक हमखास विसरतात. सोलर पॅनलचे ब्रॅकेट, व्हेंट फॅन, केबल आत घेण्याची जागा, मागची शिडी, कॅरिअरचे स्क्रू यांपैकी कुठूनही पाणी टपाच्या पत्र्याखाली शिरलं की ते आतल्या छतावरून उताराने सरकत राहतं आणि जे पहिलं मोठं भोक मिळेल तिथून पडतं. छतातलं सगळ्यात मोठं भोक एसीचंच असतं. दीड मीटर दूरच्या स्क्रूचा दोष एसीच्या माथी येतो तो असा.

डाग जुने असतील, आज काहीच ओलं नसेल, तर टिश्यू पेपरच्या चार पट्ट्या घ्या. पेन्सिलीने पुढे, मागे, डावी, उजवी असं लिहा आणि चारी बाजूंना फोमच्या आतल्या तोंडाशी चिकटपट्टीने लावून ठेवा. पुढच्या पावसानंतर कुठली पट्टी आधी भिजली ते बघा.

नळीची परीक्षा

एक जण वर, एक जण आत टॉर्च घेऊन. एसी बंद. पाणी साध्या धारेने सोडा. प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने चांगलं गॅस्केटसुद्धा गळतं आणि तुम्हाला खोटं उत्तर मिळतं. टपाच्या सगळ्यात खालच्या भागापासून सुरुवात करा आणि वर सरकत जा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. एकेका जागी पाच मिनिटं धार ठेवा, घाई नको. आधी व्हेंट आणि ब्रॅकेट, मग एसीच्या बुडाची मागची बाजू, दोन कडा, शेवटी पुढची बाजू. आतल्या माणसाने ओरडेपर्यंत नळी हलवायची नाही.

टपावर चढताना दोन बाय चार फुटांचा प्लायवूडचा तुकडा खाली घ्या म्हणजे वजन विभागलं जातं. पावसाळ्यात टपावर शेवाळाचा पातळ थर असतो, दिसत नाही. चपला घालून चढू नका.

ट्रे आणि त्याची भोकं

इथल्या किनाऱ्यावर हे कारण सगळ्यात जास्त सापडतं, आणि दुरुस्तीला पैसे लागत नाहीत. केरीला किंवा मिरामारला सुरूच्या झाडांखाली सावली मिळते म्हणून गाडी लावतात. सुरूच्या त्या बारीक काड्या कव्हरच्या झडपांमधून आत जातात, ट्रेच्या भोकापाशी आडव्या पडतात, त्यावर चिऱ्यांची तांबडी धूळ बसते, वर बुळबुळीत शेवाळ. नखाएवढं बूच तयार होतं आणि बादलीभर पाणी अडवतं. डिचोली-सांगेच्या बाजूने, खनिजाच्या रस्त्यांनी फिरणाऱ्या गाड्यांत झाडाशिवायही हे होतं.

कव्हरचे स्क्रू हातानेच सैल करा. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू आवळताना ते तडकतं. आतमध्ये कूलिंग कॉइलवर आणखी एक झाकण असतं, पत्र्याचं किंवा थर्माकोलचं. तेही काढा, त्याच्या कडेची फोमची पट्टी जपून. ट्रे कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या दोन-चार थेंबांनी धुवा. भोकात केबल टाय किंवा जाड प्लास्टिकची तार फिरवा. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, गंजलेल्या ट्रेला तिथेच नवं भोक पडतं. वास आणि शेवाळ जास्त असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. ब्लीच नको, कॉइलच्या अॅल्युमिनियमला ते मानवत नाही.

मग परीक्षा: एक लिटर पाण्यात खाण्याचा लाल रंग घाला आणि हळूहळू ट्रेमध्ये ओता. एक-दोन मिनिटांत सगळं पाणी बुडाखालून टपावर आलं पाहिजे. आत जाळीत लाल थेंब दिसला तर ट्रेला तडा किंवा गंजाचं भोक आहे. छोटं भोक असेल तर सँडपेपरने घासून, पूर्ण कोरडं करून आतून इपॉक्सी, म्हणजे एम-सीलसारखी लांबी, भरता येते आणि वरून गंजरोधक रंग. पत्रा बोटाने दाबल्यावर कुरकुरत असेल तर लांबी भरण्यात अर्थ नाही, नवा ट्रे किंवा नवं बूड मागवा.

ट्रे स्वच्छ आहे, पाणी ओतल्यावर नीट निघतंय, पण एसी चालू असताना साठतंय असंही होतं. याचं कारण पंखा. हवा कॉइलमधून ओढून घेणारा पंखा ट्रेच्या बाजूला ओढ निर्माण करतो, आणि फिल्टर जितका तुंबलेला तितकी ओढ जास्त. भोकांतून बाहेरची हवा वर खेचली जाते, पाणी खाली उतरायला धजत नाही. पंखा बंद झाला की एकदम उतरतं. उपाय फक्त फिल्टर धुण्याचा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी पंधरा दिवसांनी.

गाडी कशी उभी आहे तेही बघा. भोकं एका अंगाला असतील आणि गाडी दुसरीकडे कललेली असेल तर स्वच्छ ट्रेसुद्धा सांडतो. पाणसळ टपावर ठेवायची गरज नाही, आत ओट्यावर ठेवलीत तरी कळतं. चाकाखाली फळी घालून गाडी भोकांच्या बाजूला किंचित उतरती ठेवा.

गॅस्केट

गॅस्केट नवं असताना साधारण एक इंच जाड असतं आणि बोल्ट आवळल्यावर दबून अर्ध्या इंचावर यायला हवं. तुमच्या युनिटच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर तो धरा. बोल्ट चार, आणि ते आतूनच वर जातात. अमेरिकन युनिटना आवळण्याचं माप साधारण 40 ते 50 इंच-पाउंड असतं, म्हणजे साडेचार ते साडेपाच न्यूटन-मीटर. हे फारच थोडं आहे. चाकाचे नट आवळायचा टॉर्क पाना इथे निरुपयोगी, त्याच्या खालच्या आकड्यालासुद्धा फोमचा चेंदामेंदा होतो. छोटा पाना हातात आखूड धरून, फोमच्या जाडीकडे बघत आवळायचं.

बोल्ट सैल होणं ही सगळ्यात साधी गळती. आपले रस्ते आणि तीस-चाळीस किलोचं धूड टपावर, थरथरीने नट हळूहळू सुटतात. फोम अजून तीन चतुर्थांश इंच जाड दिसत असेल तर कोपऱ्याच्या समोरचा कोपरा अशा क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा देत अर्ध्या इंचावर आणा. बस्स. उलट फोम आधीच पाव इंचावर, पापडासारखा चपटा झाला असेल तर आणखी आवळून काही मिळणार नाही. तो फोम मेला, परत फुगणार नाही. जास्त आवळल्याने बुडाचा पत्रा वाकतो आणि मधला भाग उचलला जातो, मग नवं गॅस्केटही तिथे बसत नाही.

बदलायचं असेल तर दोन माणसं हवीत. गॅस्केट आधी आणून ठेवा, आणि मागवण्यापूर्वी भोक टेपने मोजा. इथल्या बऱ्याच गाड्या फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर व्हॅनवर बांधलेल्या असतात आणि भोक बांधणाऱ्याच्या मर्जीनुसार पंधरा-वीस मिलिमीटर इकडेतिकडे असतं. आतली चौकट काढा, वायरचे कनेक्टर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, चारी बोल्ट काढा. युनिट सरळ वर उचला आणि टपावर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर मागे ठेवा. नळ्यांना धरून उचलू नका, तांब्याची नळी चेपली की युनिट संपलं.

जुना फोम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. सिलिकॉनचा पातळ थर राहिला तर त्यावर काहीच चिकटत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता भोकाच्या चारी बाजूंना सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. पट्टीखाली मध्ये फट दिसली तर टप खचलेला आहे.

खचलेला टप हा खरा गुन्हेगार पुष्कळदा असतो. बांधताना भोकाभोवती टप आणि आतलं छत यांच्यामध्ये चौकट घातलेली नसते. बोल्ट आवळले की दोन्ही कवचं एकमेकांकडे दाबली जातात, वरून वजन, आणि एसीभोवती उथळ बशी तयार होते. पाऊस थांबल्यावरही त्या बशीत पाणी उभं राहतं, आणि उभं पाणी कुठलाच फोम कायमचा अडवत नाही. यावर गॅस्केट बदलत बसणं म्हणजे पैसे वाया. भोकाच्या चारी कडांना, दोन कवचांच्या मध्ये, अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट घट्ट बसवून टप मूळ उंचीवर आणा. 25 मिलिमीटरची नळी बहुतेक ठिकाणी बसते, पण आधी दोन कवचांमधलं अंतर मोजा. लाकूड वापरायचंच असेल तर सागाचं, आणि सगळ्या बाजूंनी रंगवून. पत्र्याच्या टपाला लांबट उंचवटे असतील तर गॅस्केट थेट त्यावर ठेवू नका. प्रत्येक खोबणीतून पाणी आत येईल. आधी सपाट फायबरची चौकट उंचवट्यांच्या आकारात बसवून घ्या, तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये पॉलियुरेथेन सीलंट. सीलंटची जागा ही. गॅस्केटच्या खाली किंवा वर काही लावायचं नाही, फोम कोरडा आणि स्वच्छ पृष्ठभागावरच बसतो.

युनिट परत ठेवताना वरून सरळ खाली. गॅस्केटवर घसटत सरकवलंत तर त्याची एक कड आत मुडपते, आणि ती मुडपलेली कड वरून दिसत नाही. एकाने आतून भोकातून हात वर करून मार्गदर्शन करायचं. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी फिरली की आतून जाडी परत मोजा.

बर्फ

जाळीतून येणारी हवा हळूहळू कमी होत गेली आणि मग पाणी आलं, तर फिल्टर काढून टॉर्चने कॉइल बघा. पांढरा थर दिसला की एसी कूलिंगवरून काढून नुसता पंखा चालू ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात वितळतो. बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नका.

इथे मेकॅनिक लगेच गॅस भरायचं म्हणतो. बर्फ धरण्याचं एक कारण गॅस कमी असणं हे खरं, पण ते शेवटी तपासायचं. टपावरची युनिट कारखान्यातून सीलबंद येतात, अनेकांना गॅस भरायचा व्हॉल्वच नसतो, नळी कापून ब्रेझिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने परत जोडणी, करावी लागते. त्याआधी फुकटच्या गोष्टी बघा: फिल्टर, कॉइलच्या पात्यांत बसलेली धूळ आणि केस, पंखा लो स्पीडवर ठेवून 16 डिग्रीचा हट्ट, आणि कॉइलमध्ये खोचलेला तापमानाचा छोटा सेन्सर निसटून बाहेर लोंबत तर नाही ना.

आणखी एक, जे जवळपास कोणीच बघत नाही. छताच्या चौकटीत आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर फेकली जाणारी थंड हवा यांच्यामध्ये एक पत्र्याची किंवा थर्माकोलची आडवी भिंत असते. ती वाकडी बसली किंवा कडेला बोटभर फट राहिली की थंड हवा खोलीत न येता परत कॉइलमध्ये ओढली जाते. कॉइल गार होत होत शून्याखाली जाते आणि बर्फ धरतो. त्या फटींना अॅल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी लावा. कापडी डक्ट टेप नको, तिचा गोंद दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. तपासायला साधा किचन थर्मामीटर पुरतो: एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक साधारण 8 ते 11 डिग्री असायला हवा, खूप दमट दिवशी थोडा कमी. 14 च्या वर गेला तर हवा कमी वाहतेय. कॉइल स्वच्छ, हवा भरपूर, तरी फरक चार-पाचच डिग्री, तेव्हा गॅसचा विचार करा.

घाम

पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, 24-25 डिग्रीच्या आसपास असतो. एसीतून 12-14 डिग्रीची हवा येते. म्हणजे त्या हवेने गार झालेला कुठलाही उघडा पत्रा, स्क्रू किंवा प्लास्टिकची कड बाहेरच्या हवेला दिसली की तिच्यावर पाणी धरणारच. याला गळती म्हणून गॅस्केट बदलणारे लोक आहेत.

थंड हवेच्या पेटीच्या आणि छताच्या मधल्या फटी फॉइल पट्टीने बंद करा. त्या उघड्या असतील तर थंड हवा छताच्या पोकळीत शिरते आणि प्लायवूड आतून घामाने भिजतं. पेटीच्या बाहेरून 9 किंवा 13 मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबरची शीट चिकटवा, एसीच्या पाइपवर चढवतात तीच. तापमान 25-26 वर ठेवा. दार उघडं ठेवून एसी चालवू नका. आत स्वयंपाक करताना छोटा व्हेंट फॅन लावा: एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन गाडीच्या हवेत येतं, भाताच्या पेजेची वाफ वेगळीच. ओले कपडे आत वाळत घालणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये.

वरच्या प्लास्टिकच्या कव्हरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तडा गेला म्हणून आत गळत नाही, कारण ते कव्हर पाणी अडवायला केलेलंच नाही. पाऊस त्याच्या झडपांतून आत जातो आणि बुडावरून वाहून जातो. झडपांवर चिकटपट्टी किंवा ताडपत्री लावून एसी चालवलात तर कंडेन्सरला हवा मिळणार नाही आणि कॉम्प्रेसर गरम होऊन ट्रिप होईल. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर ताडपत्री घाला, पण खालून हवा खेळती ठेवा, नाहीतर खारी ओल आतच राहते आणि पात्यांचं पीठ होतं.

दुरुस्ती झाली की जाळी लगेच बंद करू नका. प्लायवूडच्या कडेला टोचा दाबून बघा. मऊ असेल तेवढा भाग कापून नवा घाला. ओलसर पण कडक असेल तर टेबल फॅन भोकाच्या दिशेने लावून दोन-तीन दिवस सुकवा, एसी ड्राय मोडवर असेल तर अधिक चांगलं. ओलं प्लायवूड बंद करून टाकलं तर आठवड्याभरात काळी बुरशी खाली उतरते, आणि नवीन गळती आहे की जुनी ओल, तेही मग सांगता येत नाही. बंद करण्यापूर्वी टिश्यूच्या पट्ट्या परत एकदा लावा आणि एक मोठा पाऊस जाऊ द्या.